साठी उलटवा

४ फेब्रुवारी
झाली शोभा! तीही माझ्याच हाताने.

दोन वर्षं मी या संस्थेची पत्रकं लिहिते. म्हातारपण मागे फिरवता येतं का, हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना पाठबळ द्यायचं, एवढंच संस्थेचं काम. आजवर उंदरांवर भागलं. थकलेले उंदीर एक भुकटी खाऊन पुन्हा चक्रावर धावायला लागले म्हणे. आता माणसांची पाळी. साठीच्या पुढचे साठ जण हवेत, तेही महिनाअखेरपर्यंत, नाहीतर चाचणी रद्द. मग मी झोकात मथळा दिला — ‘साठी उलटवा!’

मला म्हणायचं होतं, वय मागे फिरवा. पण साठी उलटली म्हणजे ती मागे पडली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोनशे पत्रकं भिंतींवर लागल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासून फोन. “अहो, माझी उलटून नऊ वर्षं झाली, आणखी किती उलटवू?”

आमच्या संचालकांना दीडशे वर्षं जगायचंय, म्हणून आम्ही त्यांना ‘चिरंजीव’ म्हणतो. अर्थात पाठीमागे! त्यांनी पत्रक माझ्यासमोर धरलं. “बाई, आपण लोकांना तरुण करतोय की आणखी म्हातारं?”

७ फेब्रुवारी
साठ जागा, एकशे चार अर्ज! लोक हसायला फोन करतात आणि जाता जाता नाव देऊन ठेवतात. आता चिरंजीव सांगत सुटलेत की मथळा त्यांनाच सुचला.

९ फेब्रुवारी
ताईला विचारलं. ती त्र्याहत्तरची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि ही अठरा. माझं सगळं हिनेच केलं. स्वतःचा संसार मांडला नाही, त्याबद्दल कधी चकार शब्द नाही. हल्ली खुर्चीतून उठताना टेबलाची कड धरते — माझं लक्ष नाही असं बघून. माझं लक्ष असतं. इथे लिहायला काय हरकत आहे, मला भीती वाटते. ताई नसलेलं घर मला ठाऊकच नाही.

“मला कशाला तरुण करतेस? तरुण होते तेव्हा तुझं नाक पुसण्यात गेलं सगळं. तूच घे ती भुकटी.”

“मी एकोणसाठ. नियमात बसत नाही. जुलैत साठ पुरी होतील.”

“म्हणजे तुझी अजून उलटायचीय.” आणि भाजी निवडायला बसली. मी आशा सोडलीच होती. मग एकदम, “बरं, दे माझं नाव.”

इतक्या पटकन? पण मी कशाला खोदून विचारू! लगेच फॉर्म भरला.

१ मार्च
आज पहिली पुडी. रोज सकाळी एक, कशातही ढवळून घ्यायची, जुलैअखेरपर्यंत. निम्म्या लोकांना खरी भुकटी, निम्म्यांना नुसतीच कडू पूड. कोणाला काय, ते पाकिटांत बंद, चिरंजीवांनाही माहीत नाही. रिकाम्या पुड्या परत आणायच्या, नर्सबाई त्या मोजून घेतात.

अर्ध्या मिनिटात ताई खुर्चीतून सात वेळा उठली. मुठीचा जोर पंधरा. यंत्र बरोबर चालतंय ना म्हणून नर्सबाईंनी मलाही दाबायला लावलं. एकोणीस! “लिहून लिहून हात गेले वाटतं तुमचे,” म्हणाल्या. आगाऊ बाई.

घरी आल्यावर ताईचं फर्मान — यापुढे सकाळची कॉफी दोघींची तीच करणार. “तू लुडबुडलीस की माझं मोजमाप चुकेल.” इतकी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं.

२० मार्च
कॉफी फार कडू होते हल्ली. तसं म्हटलं तर, “तुझी जीभच लाडावलेली.”

१६ एप्रिल
बस धावत पकडली! मी!! वर चढल्यावर दमही लागला नाही.

९ मे
ताईचं अजून सातच वेळा उठणं. नर्सबाई म्हणाल्या, धीर धरा. रिकाम्या पुड्या मात्र सत्तरच्या सत्तर. “तुमच्या ताईंसारखं शिस्तीचं कोणी नाही.” ताईने मान अशी वळवली, जणू बक्षीस मिळालंय.

तिची भुकटी खरीच असू दे. बाकी काही मागत नाही.

१४ जून
यंत्र पुन्हा तपासायचं होतं. मी दाबलं — चोवीस! नर्सबाई बघतच राहिल्या. “काय खाता हो?” म्हटलं, रोज ताईची बोलणी खाते.

मग ताईची पाळी. चौदा. एकाने कमीच. खुर्चीतून सहाव्यांदा उठताना हात टेकला.

तिला नुसती पूड आलीय, दुसरं काय! मी तडक चिरंजीवांकडे गेले. एकच पाकीट उघडा म्हटलं, ताईचं. माणूस पहिल्यांदाच गंभीर झालेला पाहिला. “बाई, एक उघडलं की साठ जणांची मेहनत पाण्यात.” त्यांचं बरोबर आहे. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुढचं पत्रक लिहायला बसले.

ताईने दारातच ओळखलं. “नाक लाल झालंय. कोणी काय बोललं?” नाही म्हटलं. ती खुशीत होती. मला दोनदा दंड फुगवून दाखवायला लावला.

११ जुलै
आज मला साठ पूर्ण. म्हटलं, आज तरी कॉफी आपण करावी. ताई आधीच ओट्यापाशी, पाठमोरी. तिने पुडी फाडली आणि निळ्या कपात ओतली. निळा कप माझा. ढवळलं, रिकामी पुडी बोटांनी सरळ केली आणि नर्सबाईंच्या डब्यात ठेवली.

“ताई!”

दचकलीसुद्धा नाही. “ओरडू नकोस. आज उलटली ना साठी? मग आता बसतेस नियमात.”

“अगं, ती तुझ्यासाठी होती!”

“मला काय करायचीय? माझ्यामागे तुझं करायला कोण आहे? तुझे हातपाय धड राहायला हवेत.”

नऊ वाजता नर्सबाईंना सगळं सांगेन. ताईचं नाव कटेल, माझी नोकरीही जाईल कदाचित. पण हिने पुढे ठेवलेलं मी आजवर कधी टाकलेलं नाही. कप संपवला.