कोंडाजींच्या रंध्याची मूठ

१४ सप्टेंबर
कासारवाडीत खोली मिळाली! सव्वीस वर्षांनी कंपनीनं हार, नारळ आणि स्टीलचा डबा देऊन मला 'स्वेच्छेनं' घरी धाडलं, स्वेच्छा त्यांची. घरमालकीण यशोदाबाई खाली राहतात. त्यांचे यजमान कोंडाजी फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करायचे. वारून नऊ वर्षं झाली, पण बाईंच्या बोलण्यात ते अजून वेळेवर जेवायला येतात. माझे हात रिकामे दिसताच बाईंनी त्यांचा लाकूड तासायचा गंजका लोखंडी रंधा पुढ्यात ठेवला. खंडेनवमीला पूजेत चालता रंधा मांडायचाय. काय बदलायचं ते बदला भाऊ, मूठ तेवढी न्हाई. तिच्यावर त्यांची बोटं हायेत, म्हणाल्या. खरंच, काळ्या लाकडात चार बोटांचे चार खळगे.

१९ सप्टेंबर
गंज निघाला. पातं झिजून नखाएवढं उरलेलं. भोसरीचा अवजारवाला अनिस म्हणाला, चाचा, म्हाताऱ्याला नवे दात बसवा की! बसवले. जुनं पातं त्यानंच ठेवून घेतलं. नवं काय सुरेख चालतं! संध्याकाळी बाई कोंडाजींची नक्कल करायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. आवाज आठवेना म्हणाल्या. वय, दुसरं काय.

२३ सप्टेंबर
पातं दाबणारी पट्टीही अनिसकडून बदलून आणली. जुनी खरं तर चालली असती, पण मला थांबता कुठं येतं? दुपारी बाई भिंतीवरचा कोंडाजींचा फोटो पुसत होत्या. मला विचारलं, हे तुमचे कोण?
हसलो. जिना चढेपर्यंत हसू पुरलं नाही.

२५ सप्टेंबर
पातं बदललं, आवाज गेला; पट्टी बदलली, चेहरा गेला. जुने भाग परत आणायला धावलो. अनिस म्हणाला, खंडेनवमीआधी दुकान झाडतोच आम्ही; भंगाराची गाडी कालच चाकणला गेली. भट्टीत.

२७ सप्टेंबर
बाई मूठ धरून बसतात. म्हणतात, कुणीतरी हात धरलाय. कोण, ते ठावं न्हाई. लग्नात कोंडाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं त्यांचं नवं नाव, यशोदा, लिहिलं होतं — अंगठी दिसते, म्हणाल्या. हात दिसत न्हाई.
मुठीला चीर. सरस भरला.

३० सप्टेंबर
सरस धरत नाही. चीर वाढतेय — सरस भरेपर्यंत मी मुठीला बोटसुद्धा लावलं नव्हतं —

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मूठ दुभंगली. दोन्ही तुकडे गुडघ्यांत दाबून धरलेत — सुटतात —
बाई दारात आल्यात. हातात पूजेचं ताट. यशोदाबाई, म्हटलं. त्यांनी मागं वळून जिन्यात पाहिलं. मग मलाच विचारतायत, हाक कुणाला मारलीत भाऊ, इथं तर —