तिसरी ओळ

धडगाव

प्रिय यामिनी,

बारा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. बातमी एवढीच की आपल्या शाळेनं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले आणि तू ज्याला 'म्हातारबा' म्हणायचीस तो खिडकीजवळचा मी उचलून आणला, जीपमध्ये मांडीवर घेऊन. शेजारी बसलेला शहाद्याचा माणूस विचारतो, "सर, या डबामा काय शे?" त्याला काय कप्पाळ सांगणार? मलाच बघायचं होतं.

घरी येऊन खोलला, तर आत झुरळांचा संसार. घड्याळाचा सेल मेलेला, त्यामुळे चालू केला की दर वेळी २००२ सालची पहिली जानेवारी. रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासून परत बसवल्या, आणि पठ्ठ्या सुरू झाला की गं! जुना म्हणे. यंत्र कुठे एवढ्यात जुनं होतं? वरची मंडळी नवी सिस्टीम काढतात आणि चालत्या मशीनला घरी बसवतात, माझा तर जीव जळतो. सीडीवरून लिनक्सची हलकीशी सिस्टीम चालवली आणि हार्ड डिस्क उघडली. आत काय असावं? आपला पावरी बोलीचा शब्दकोश. पाड्यावरच्या कमलीबाई चुलीपाशी बसून शब्द सांगायच्या, मी टाइप करायचो, प्रोग्राम तुझा.

त्याच फोल्डरमध्ये तू लिहिलेला परवाना सापडला. कोणीही घ्या, बदला, वाटा. पण बदललेलं उघडं ठेवा आणि आधीच्यांची नावं पुसू नका. आठवतं, मी किती वाद घातला होता? फुकट दिलं तर उद्या कोणीही लुटून नेईल, असं माझं म्हणणं. तेव्हा भाकरी थापता थापता कमलीबाई म्हणाल्या होत्या, "घर बांधायला अख्खा पाडा येतो, तो काय फुकट येतो? उद्या त्यांच्या घराला मी जाते." तू हसलीस. कायद्याची चाळीस पानं वाचूनही मला जे कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं.

आता मोलगीच्या रिनाबाई वळवी, तिथल्या शाळेत शिकवतात, त्यांना हा कोश मोबाइलवर आणायचा आहे. बाई फार काटेकोर. परवाना नीट वाचून त्यांनी मला फोनवर विचारलं, मूळ नावं कोणाकोणाची घालायची? मी म्हटलं, बघून सांगतो. त्याला आज आठवडा झाला.

बघण्यासारखं काही नव्हतं, यामिनी. मला माहीत होतं. तू मला न सांगता पुण्याची नोकरी धरलीस, आणि त्या रागात मी वाटायच्या प्रतीतली फाईल उघडून तुझं नाव पुसलं. सगळ्या शाळांत गेली ती माझ्या एकट्याच्या नावाची प्रत. सत्कारही मी एकट्यानं घेतला. तू ती प्रत कधी उघडलीस का, हे विचारायचं धाडस आजवर झालं नाही. म्हातारबाच्या पोटात मात्र दोन्ही नावं जशीच्या तशी निघाली. आणि ज्यांचे सगळे शब्द, त्या कमलीबाईंचं नाव तर आपण दोघांनीही घातलं नव्हतं. काल त्यांच्याकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, यामिनीला सांगितलंस का? म्हणून हे पत्र. फाईलमध्ये आता पहिली ओळ कमलीबाईंची आहे, दुसरी तुझी. तिसरी रिकामी ठेवली आहे. तिथे माझं नाव यावं की नाही, ते तूच रिनाबाईंना कळव. त्यांचा नंबर मागच्या पानावर आहे.

तुझाच,
हेमकांत