लिफ्टवाल्यांशी बोलायचे काय

ती. अक्का यांस,

नमस्कार. गुडघे जिना चढू देतात का, ते आधी कळवा. मी बरा आहे (हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहे).

तुमच्या आग्रहाखातर दारू सोडणाऱ्यांच्या गटात जातो. माणसे चांगली आहेत, एक सोडून. हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणतात. मी सवयीने शेजारची खुर्ची मोकळी ठेवतो (कोणासाठी, ते तुम्हाला सांगायला नको). पहिल्याच दिवशी ते तिच्यावर बसले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. कोणी रडवेला होऊन बोलू लागला, की हे मधेच त्याच्या इमारतीतल्या लिफ्टची चौकशी करतात. गट चालवणाऱ्या बाई म्हणतात, सहन करणे हाही उपचारच आहे. असेल. मला कडू औषध चालते, बडबडे चालत नाही.

त्यात आमच्याकडे नव्या माणसाला एक जुना नेमून देतात. प्यावेसे वाटले की त्याला फोन करायचा. मला कोण मिळाले असेल, ते ओळखा.

गेल्या महिन्यात एका दुपारी तुमच्या बहिणीची पर्स आवरायला घेतली. आत माझ्या खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. तडक दारूच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो आणि नियम म्हणून फोन केला. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. कुठल्याशा सासू-सुना लिफ्टमध्ये अडकल्या आणि सुटल्यावर दोघींनी मिळून यांनाच कसे झापले, ते सुरू केले. मग दोर, मग कप्पी, मग स्वतःचा जावई. मी फोन ठेवू पाहावे, तर यांचा नवा मजला सुरू. शेवटी दुकानदाराने जेवायच्या सुट्टीसाठी शटर ओढले. तो आवाज त्यांना फोनवर ऐकू गेला असावा.

"झालं ना बंद?" ते म्हणाले. "जा आता घरी."

तुमच्या धाकटीचा नवरा

ता. क. खरे काम राहिलेच. लिफ्टवाले सध्या येत नाहीत, पुन्हा प्यायला लागलेत. बाईंनी मला त्यांना रोज फोन करायला सांगितले आहे. मी "कसे आहात" विचारतो, ते "ठीक" म्हणतात, आणि माझ्याजवळचे संपते. तुम्ही तासभर सहज बोलता (हे आदराने लिहितो आहे). काय बोलायचे, ते सविस्तर लिहून पाठवा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार, तोच त्यांचा फोन आला. म्हणाले, "काही बोलू नका. नुसते थांबा फोनवर." थांबलो. तेवढे मला येते. तेव्हा विषय सुचवायची घाई नाही. पत्र मात्र लांबच लिहा. ते मला हवे आहे.