चारपैकी चार

९ जून
फवारणीवाले आले. वाळूमाशीसाठी भिंती फवारायच्या म्हणे. ही मशकाहूनही क्षुद्र, आवाजसुद्धा न करणारी — पण काळा आजार हीच पोचवते. तीन खोल्या दिल्या. चौथीत माझ्या पोथ्या. तिथे पाऊल टाकू दिलं नाही. त्यांचा म्होरक्या दारावर खडूनं ‘४ पैकी ३’ लिहू लागला. म्हटलं, वार्ताहराचंच उणं दारावर कशाला मांडता? हसला आणि ‘४ पैकी ४’ करून गेला. पुतणी म्हणते, काका, माश्यांना अभयारण्य दिलंत. वात्रट कार्टी!

१२ जून
माझी बातमी छापून आली. दोन वर्षांत एकही रुग्ण नाही, आमच्या भागात शंभर टक्के फवारणी. मथळा अस्मादिकांचा. सोबत फोटोही, छायाचित्रकारानं हनुवटीवरचे फिकट डाग पुसून मला दहा वर्षांनी तरुण केलं. डाग तीन वर्षांचे. ना खाज, ना दुखणं. वहिनी त्यांना शिबं म्हणते. मी त्यांना वार्धक्याची पूर्वपीठिका म्हणतो.

२ सप्टेंबर
पुतणीला ताप. उन्हाळ्यापासून माझ्याच, पोथ्यांच्या खोलीत अभ्यास, तिथेच चटईवर झोप — गार असते म्हणून. डॉक्टर म्हणाले, साधा ताप.

१९ सप्टेंबर
उतरत नाही. टायफॉइडचं औषध झालं, मलेरियाची तपासणी झाली. ताटातलं ताटात. चार दिवसांत माझी एकदाही खोड काढली नाही — हे मला तापापेक्षा वाईट लक्षण वाटतं.

२४ सप्टेंबर
आरोग्यसेविका आल्या. पोरीच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. पानथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत वाढलेली! बोटातून रक्ताचा थेंब, एक पट्टी, दहा मिनिटं. दोन रेघा.
काळा आजार.
वहिनीनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. दोन वर्षांत एकही रुग्ण नाही — हे मीच छापलं होतं!
दादानं एवढंच विचारलं, “वाचेल ना?”
वेळेत सापडलंय, म्हणाल्या. असाच आणखी महिना गेला असता तर मात्र सांगता आलं नसतं.

२५ सप्टेंबर
इस्पितळ. सलाइनमधून औषध, एकाच दिवसाचं. बाहेरच्या बाकावर सेविका नोंदी घेत होत्या. घर फवारलं होतं का? दारावर चारपैकी चार आहे, असंही त्याच म्हणाल्या.
“तीनच फवारल्या. चार मी लिहायला लावलं.”
शेजारी दादा. माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ सप्टेंबर
ताप उतरला! पहिलं वाक्य — काका, अभयारण्य बंद करा आता. बाहेर जाऊन डोळे पुसले. घरी येऊन पोथ्या व्हरांड्यात काढल्या, खोली फवारून घेतली. एक पान खराब झालं नाही. एकसुद्धा नाही!

१ ऑक्टोबर
सेविकांना एक कोडं सुटत नाहीये. माशी जंतू घेऊन जन्माला येत नाही. आधी जंतू असलेल्या माणसाला चावते, मग दुसऱ्याला देते. मग तो पहिला कोण? आमच्या भागात आजारी कुणीच नाही. त्या घरोघर शोधायला निघाल्या, मीही वही घेऊन मागे. प्रायश्चित्त म्हणा. सापडला की त्याला चार शब्द ऐकवायचे ठरवलंय.

३ ऑक्टोबर
साठ घरं झाली. कुणी नाही. शेवटच्या अंगणात, लख्ख उन्हात, सेविका माझ्याकडे बघत राहिल्या.
“तुम्हाला कधी झाला होता का हो?”
सहा वर्षांपूर्वी. खडखडीत बरा झालो, म्हटलं.
“आणि हे हनुवटीवरचं?”
हसत म्हटलं, शिबं. त्या हसल्या नाहीत. आजार बरा झाल्यावरही जंतू कधी कधी कातडीत दडून राहतात, म्हणाल्या. डाग किंचित खरवडून काचेवर घेतला.

७ ऑक्टोबर
काचेवर जंतू सापडले. बारा आठवडे कॅप्सूल. दादा-वहिनींना सांगितलं. पोरीला अजून नाही. ती रोज विचारते — काका, सापडला का हो तो?