गेटबाहेरचं टेबल

गाझियाबाद, डिसेंबर, रविवार संध्याकाळ

ते टेबल काही डोक्यातून जात नाही. सोसायटीच्या क्लबमध्ये पोलिओचा बूथ. आमच्या ह्यांनी, म्हणजे सेक्रेटरीसाहेबांनी, टेबलाला झेंडूची माळसुद्धा लावली. दुपारपर्यंत सोसायटीतली मुलं डोस घेऊन मोकळी. समोरच्या बांधकामावरच्या बायका मात्र पोरं कडेवर घेऊन गेटबाहेर ताटकळत. बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, हा नियमही ह्यांचाच! मला तरी कुठे सुचलं? मुकादमाची हाक आली असती तर त्या तशाच परत गेल्या असत्या.

तेवढ्यात वॉर्डाच्या नगरसेविका पाहणीला आल्या. वाटलं, आता भाषण. छे! पदर खोचला, टेबलाचं एक टोक धरलं आणि ह्यांना म्हणाल्या, "भाईसाहब, ज़रा उधर से उठाइए." लग्नापासून स्वतःचं ताट न उचललेला माणूस, मुकाट उचलू लागला. टेबल माळेसकट गेटबाहेर! शेवटच्या मुलाला डोस मिळेपर्यंत बाई तिथेच उभ्या. काय बाई आहे!

आत्ता चहा पिताना हे आपणहून म्हणाले, "पुढच्या डोसला टेबल सकाळपासून बाहेरच लावू. एक टोक मी धरतो."

दुसरं मी धरायचं, हे ठरलेलंच. धरेन की!