चाक कोण फिरवत होतं

१४ जून १९७७, परभणी
पेशी नव्हती. आईला विहारात सोडून ऑफिसात आलो. दाराशी एक बाई बसलेली, उजव्या हाताला मळकं फडकं. गिरजाबाई. किनवटकडच्या डोंगरातली. नवरा काशीराम आणि ती, दोघं सालानं पेडगावच्या एका बागायतदाराकडं होती. राहायला गोठ्याशेजारचं छप्पर. चैत्रात कडबा कापायच्या यंत्रात तिची तीन बोटं गेली. जखम भरायच्या आत मालकानं दोघांना वाटेला लावलं. म्हणे, परमुलखातली माणसं, आली तशी गेली, माझ्याकडं कामाला कोण होतं?

कायद्यानं भरपाई आहे. पण शेतमजुराला केव्हा, तर यंत्र विजेवर किंवा इंजिनावर चालत असेल तर. हातानं फिरवायच्या चाकात बोटं गेली तर नाही. हे कलम ज्यानं लिहिलं त्यानं कडबा कधी कापलेला नसणार.

विचारलं, मोटर होती?
"हाय की. पट्टा लावल्याली."
त्या वेळी चालू होती?
"चालू व्हती."
यंत्रापाशी कोण कोण होतं तेही विचारलं. तिनं न अडखळता सांगितलं: मालकाचा थोरला मुलगा, म्हातारा गडी सटवा, पेंढ्या सोडून देणारी कौसाबाई. आमचे मुन्शी खाजामियाँ, त्यांनी नावं उतरवून घेतली. नवरा सगळा वेळ बाहेर लिंबाखाली. आत बोलावलं तर आला नाही.

२ जुलै
गि.चा अर्ज दाखल. वकालतनाम्यावर डावा अंगठा.
जाताना दारात थांबली. म्हणाली, ऊसतोडीचा मुकादम जोडीच नेतो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. तिच्या हातानं मोळी बांधून होणार नाही. मुकादम काशीरामला म्हणाला, दुसरी बाई बघ अन् ये.
"मंग त्यायनी काय करावं, साहेब?"
भरपाई मिळाली तर दोन शेळ्या घेऊन गावी राहता येईल असा तिचा हिशेब.

२९ जुलै
मालकाचं लेखी म्हणणं आलं. मासला बघण्यासारखा: ही बाई आमच्याकडं कामाला नव्हतीच, आणि होती असं धरलं तरी त्या दिवशी लाईट नव्हती, पट्टा काढून चाक हातानं फिरवत होते. नसलेल्या बाईची एवढी बारीक आठवण!
रात्री जेवताना सुमनला सांगितलं. तिनं ती तीन नावं ऐकली.
"आणि तिचा नवरा कुठं होता?"
त्यात नाही.
"असेल कसा? मी कधी तुमचं नाव घेतलंय?"
लग्नाला अकरा वर्षं झाली, मला 'अहो'शिवाय हाक नाही. बाईला 'कोण कोण' विचारलं, तिनं जी नावं घेता येतात ती घेतली. उरलेला एक मी विचारायला हवा होता. वकिली कसली करतो मी.

३० जुलै
वीज कार्यालयात ओळखीच्या कारकुनानं वही दाखवली. त्या दिवशी पेडगावकडची लाईन अकरापासून संध्याकाळपर्यंत बंद. बोटं गेली दुपारी.
बाई खोटं बोलली. राग आला. नंतर वाटलं, मोटरच्या बाबतीत मीच तिला आधी कायदा समजावून सांगितला होता की काय? आठवत नाही.

६ ऑगस्ट
एस.टी.नं बोरीला. दोघं तिथं खुरपणीला आहेत. गि. डाव्या हातानं खुरपत होती, हळूहळू. काशीराम वावराच्या पार दुसऱ्या टोकाला.
वहीचं सांगितलं. ती खुरपतच राहिली. मग म्हणाली, "लाईट गेली. मालकाचा पोरगा म्हणला, जनावरं उपाशी हायती, हातानं फिरवा."
कोण फिरवत होतं?
खुरपं खाली ठेवलं. बांधाकडं बघितलं. तिकडं तो होता.
"तवापासून माझ्याकडं तोंड करून जेवत न्हाईत."

मी समजावलं. यंत्र मोटरचंच आहे. लाईट गेल्यावर हातानं फिरवायला मालकाच्या मुलानं लावलं. यंत्र तेच, काम तेच. एवढ्यावर मी भांडू शकतो. पण मग खरं सगळं सांगावं लागेल, चाकावर कोण होतं तेसुद्धा.
"म्या न्हाई सांगनार. मोटर चालू व्हती."
शपथेवर?
"शपथेवर."
मी चिडलो. मग माझ्याकडं आलात कशाला, म्हणालो. परतताना परभणीपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत आलो. तिला भरपाई नको असं नाही. भरपाईसाठी नवऱ्याला चारचौघांत उभं करायचं नाही, एवढंच.

२० ऑगस्ट
खाजामियाँचं मत: "बोलने दो ना, वकीलसाब. वो वही मंगाना उनका काम, अपना नक्को."
बरोबर आहे. समोरच्यांनी वही मागवलेली नाही. मागवतील असंही दिसत नाही. तिनं मोटर म्हणावं, मी गप्प बसावं, निकाल बहुतेक आमच्या बाजूनं. दोन दिवस हेच डोक्यात. सुमनला बोललो नाही. ती काय म्हणेल ते माहीत आहे, म्हणूनच नाही बोललो.

९ सप्टेंबर
काशीराम एकटा आला. बोरीहून, पावसात भिजून. आज पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला.
"तिला उभी करू नका. मला करा."
काय विचारतील ठाऊक आहे?
"ठाऊक हाय."
तिला सांगितलंय?
"न्हाई. बोलणं न्हाई आमचं."
चहा मागवला. तो प्यायला नाही, थंड होऊ दिला.
वहीची नक्कल मीच मागवायचं ठरवलं. गेले वीस दिवस जे मनात होतं त्याची लाज वाटली.

४ ऑक्टोबर
पेशी. परवानगी काढून काशीरामची साक्ष आधी. गि. अर्जदार म्हणून मागच्या बाकावर. त्यानं क्रमानं सांगितलं. लाईट गेली, पट्टा काढायला लावला, चाक मी फिरवलं. हात अडकला ते कळलं नाही, आणखी एक फेरा दिला. हा शेवटचा फेरा मलासुद्धा माहीत नव्हता.

मालकाच्या वकिलानं उलटतपासणीला उठताच विचारलं, "म्हणजे बायकोची बोटं तूच तोडलीस?"
मी हरकत घ्यायला हवी होती. उठायला उशीर केला.
तो म्हणाला, "व्हय."
मागून गि. उभी राहिली. "न्हाई साहेब. पेंढी अडकली, म्याच हात आत घातला." न्यायाधीश म्हणाले, बाई, खाली बसा, तुमची पाळी यायची आहे. ती बसेना. तेव्हा त्यांनीच विचारलं, हात का घातला?
"पोरगा घाई करायलाता. जनावरं वरडायलीत म्हणून."

हा शपथेवरचा जबाब नाही. न्यायाधीशांनी हातातली लेखणी टेकवली, पण लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. दोघांनी आपापल्या तोंडानं दोष घेतला, याचा निकालात काय अर्थ लागेल सांगता येत नाही. गि.ची साक्ष आता पुढच्या पेशीला. तारीख दिवाळीनंतरची.

बाहेर व्हरांड्यात काशीराम म्हणाला, मुकादम त्याला एकट्यालाही न्यायला तयार झालाय, गाड्या भरायला. ट्रक दसऱ्याला निघतो. त्याच्याविना गि.ला परभणीत कोण आणणार? मी सांगितलं, ती हजर नसेल तर अर्ज निकालात निघेल. राहणार की जाणार, ते आज सांगा, मला तयारी करावी लागते.
त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं.
"हिला इचारा."
गि. पायरीवर बसली होती. एस.टी. निघायची वेळ झाली तरी तिनं काही सांगितलं नव्हतं.