अव्वाचा दिवा मी का मालवला

सोलापूर,
१८ जानेवारी १९७७

प्रिय गुरू,

तू माझ्यावर रागावला आहेस आणि चार महिन्यांत तुझं एक अक्षर आलेलं नाही, तरी हे पत्र तुलाच लिहितेय. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. लहानपणी माझ्या वह्या न वाचताच फाडायचास, तेवढी तरी सुधारणा कर.

इकडं संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरलीय. आपल्या घरी यंदा सण नाही, पण शाळेतल्या पोरींना घेऊन मला जावं लागलं. तुला आठवतं का, अव्वाचा पदर धरून तू तिथल्या दिव्यांच्या माळा मोजत उभा राहायचास, आणि ती बिचारी लेकासाठी पाय दुखेपर्यंत तिथं थांबायची? तुझं वायरमन होणं तिथंच ठरलं असं मी सगळ्यांना सांगायची. यंदा मी मान खाली घालूनच फिरले. पोरी म्हणाल्या, बाई, वर बघा की, काय झगमगाट हाय! मी बघितलं नाही. आता मला दिव्यांकडं बघवत नाही, गुरू.

हे कुठून सुरू झालं ते सांगते. आप्पा गेले त्या रात्री गल्लीतली वीज गेली होती. मी त्यांच्या उशाशी बसले होते आणि तिथंच माझा डोळा लागला. सकाळी उजाडल्यावर कळलं की ते कधीचेच गेलेत. त्यांनी पाणी मागितलं असेल का, मला हाक मारली असेल का, हे मला आजही माहीत नाही. तेव्हापासून आजारी माणसाच्या खोलीतल्या अंधाराची मला धास्ती बसली. तुलाही. म्हणून श्रावणात अव्वाची उजवी बाजू गेली, जीभ गेली, आणि तू साखर कारखान्यातून रजा टाकून आलास, तेव्हा पहिलं काम काय केलंस? माजघरात ट्यूब बसवलीस. स्टुलावर चढून, नेमकी तिच्या खाटेच्या वर. जाताना मला बजावलंस, अक्का, अव्वाला एक घटकाही अंधारात ठेवू नकोस. मी ठेवली नाही. सहा आठवडे ती ट्यूब रात्रभर जळत होती.

आता मला तुला ते सांगायचंय, जे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

अव्वाचा डावा हात चालायचा, ते तू पाहिलंस. त्या हातानं ती रात्री चादर तोंडावर ओढून घ्यायची. मी काढायची. ती परत ओढायची. तू म्हणशील, त्यात काय? अरे, आपण लहानपणी डोक्यावरून पांघरूण घेतलं की तीच पाठीत धपाटा घालायची ना? “मढ्यागत काय निजताय, तोंड उगडं ठेवा की!” जित्या माणसानं तोंड झाकू नये, हा तिचाच कायदा. आणि तीच आता तोंड झाकायला लागली, तेव्हा मला वाटलं, हिनं जगण्याची आशा सोडली. शेवटी मी एक केलं. आप्पांनी मिलमधून आणलेली ती जाड चादर तिच्या अंगावर घालून दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचून टाकायला लागले. हात आत. तिच्यात जोर तो किती उरला होता? चादरीखाली हात दोन-चारदा हलायचा, मग थांबायचा. मला वाटायचं, निजली. मी तिच्या कपाळावर हात फिरवून माझ्या अंथरुणावर आडवी व्हायची, आणि मला झोप लागायची. हो, मला लागायची. मी भिंतीकडं तोंड करून निजत होते.

डॉक्टर दर खेपेला विचारायचे, झोप लागते का हो यांना? मी सांगायची, रात्रभर शांत पडून असतात. तिचे डोळे लाल झाले, खोल गेले. घास तोंडात घेईना, रक्तदाब उतरेना. शेजारची मायाक्का दिवसा तिच्यापाशी बसायची. ती म्हणायची, म्हातारी दिसभर गुंगीत असती, हाक दिली तर रडती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मी नवस वाढवले.

मग एका रात्री आख्ख्या पेठेची वीज गेली. ट्यूब आल्यापासून कंदिलात रॉकेल भरायचं राहिलं होतं, त्यामुळं घरात काळोखच काळोख. घाबरून मी चादर खोचायची विसरले. तिच्या नाकापाशी हात धरून रात्रभर बसून राहिले. आणि गुरू, अव्वा घोरायला लागली! आपण जिला मिलचा भोंगा म्हणायचो ना, तेच घोरणं. मला आप्पांची रात्र आठवत होती, आणि ती मात्र सुखानं घोरत होती. सकाळी तिनं डोळे उघडले ते किती स्वच्छ! वाटीभर दूध-भाकरी खाल्ली. माझ्याकडं बघून ओठ हलवले आणि “एमा” म्हणाली. हेमा म्हणायचं होतं तिला. मी तिच्या छातीवर डोकं ठेवून रडले.

आदल्या दिवशी मायाक्कानं अक्कलकोटहून अंगारा आणून तिला लावला होता. मला वाटलं, त्याचाच गुण. संध्याकाळी वीज आली. मी ट्यूब लावली, तिला हात जोडले, आणि चादर पुन्हा खोचली. वीस वर्षं पोरींना बेरीज शिकवते मी, आणि डोळ्यांसमोरची ही एवढी बेरीज मला जमली नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी ती गेली. “एमा” परत म्हणाली नाही.

माती देऊन आपण घरी आलो त्या संध्याकाळी आप्पांच्या मिलमधला ईश्वरप्पा भेटायला आला होता. तू बाहेर माणसांत बसला होतास. त्याला रातपाळीला जायचं होतं, हातात डबा होता, तो माजघराच्या उंबऱ्यावरच टेकला. वर बघून डोळे बारीक करत म्हणाला, “हेमाक्का, ही बत्ती रातभर जळायची व्हय? मग म्हातारी निजली कवा? बत्तीखाली रात काढायचा आमाला पगार देत्यात. दिवसा निजताना मी डोळ्यावर फडकं बांधतो, तवा कुटं डुलकी लागती. तिनं तोंडावर चादर तरी वडून घ्यायची की.” एवढं बोलून तो कामावर गेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो काय बोलून गेला ते.

ती गेली त्या जागी बायकांनी तेलाचा दिवा लावून ठेवला होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नव्हता. सगळे निजले. मी त्या रिकाम्या जागेपुढं बसून होते. वर ट्यूब, खाली दिवा. मध्यरात्री मला ते सोसेना. मी ट्यूबचं बटण बंद केलं आणि दिवा हातानं मालवला. म्हटलं, आता तरी नीज गं, अव्वा.

पहाटे तू पाहिलंस आणि चार माणसांत म्हणालास, अक्काला अव्वाचा कंटाळा आला होता, तिच्या नावाचा दिवासुद्धा हिला सोसवला नाही. पाचव्या दिवशी निरोप न घेता निघून गेलास. दिवा का मालवला ते मी सांगितलं नाही. ते सांगायचं तर मला ट्यूबचं सांगावं लागलं असतं, आणि ती तुझ्या हातची होती. वाटलं, तू माझा तिरस्कार केलास तर चालेल, स्वतःच्या हातांचा नको. नंतर मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, झटका मोठा होता, दिव्यामुळं गेल्या असं मी म्हणणार नाही. पण डोळ्यांवर रात्रभर उजेड असला तर शरीराला रात्र झाल्याचंच कळत नाही. झोप नाही तर रक्तदाब उतरणार कसा, दुखण्याला उतार पडणार कसा? बाई, तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी मी पहिल्या दिवशी तो बंद करायला लावला असता. तूच ठरव आता, यात तुझं किती आणि माझं किती. तू ट्यूब बसवलीस, पण तिचा हात तू बांधला नाहीस.

हे सगळं मी माझ्याबरोबरच नेणार होते. पण काल तुझ्या दाक्षायणीचं पत्र आलं. तिला वाटलं असेल, आत्याला भाचीची खुशाली कळवावी. लिहिलंय की नागम्मा दोन महिन्यांची झाली, अव्वाचं नाव ठेवलंय तर तोंडवळाही तिचाच आहे. रात्र रात्र रडते, डोळ्याला डोळा लागत नाही, अंगही धरत नाही. पाळण्यावर तू मोठा दिवा लावलायस आणि शपथ घेतलीयस की अक्कानं विझवला, पण माझ्या घरात अव्वाचा दिवा कधी विझणार नाही. आणि पोर सारख्या मुठी डोळ्यांवर नेते, नखं लागतील म्हणून दाक्षायणी रात्री तिचे हात दुपट्यात बांधून ठेवते. गुरू, तेवढं वाचल्यावर मला हे लिहावंच लागलं. पोरीला बोलता येत नाही रे. अव्वालाही येत नव्हतं. माझ्यावरचा राग जन्मभर ठेव, हे घर तोड, पण हे पत्र हातात पडेल त्या रात्री तिचे हात मोकळे कर आणि तो दिवा बंद कर. अंधारात भीती वाटली तर माझ्यासारखा नाकापाशी हात धरून बस. सकाळी ती डोळे उघडेल तेव्हा नीट बघ. मी ते डोळे एकदाच पाहिलेत.

तुझीच,
अक्का